आम्ही तर चारच जणी

रविवार, २६ एप्रिल २०२०. आखाजी, म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया.

काल सकाळी रेशन दुकानासमोर जे पाहिले, ते आधी लिहून ठेवतो. कोरोनाच्या साथीत माणसांनी अंतर ठेवावे म्हणून ग्रामपंचायतीच्या शिपायाने दुकानापासून थेट मारुतीच्या पारापर्यंत चुन्याची वर्तुळे आखली होती आणि प्रत्येक वर्तुळात काहीतरी ठेवलेले होते. कुठे चपलेचा जोड, कुठे दगडाखाली दाबलेली पिशवी, एका ठिकाणी तेलाचा रिकामा डबा. दोन वर्तुळांमधले अंतर अगदी शासनाने सांगितले तेवढेच होते. त्या चपलांचे आणि पिशव्यांचे मालक मात्र समोरच्या निंबाच्या सावलीत गुडघ्याला गुडघा लावून बसले होते, आणि तंबाखूची एकच डबी या हातातून त्या हातात फिरत होती. उन्हाचा पारा बेचाळिसाच्या वर गेलेला. त्या वर्तुळात अनवाणी उभे राहून दाखवा, असे मी तरी कोणत्या तोंडाने सांगणार होतो? रांगेत उभे राहण्याबद्दल विचारले, तर एकजण शांतपणे म्हणाला, "गुरुजी, लाइन बरोबर आहे ना, मोजून घ्या."

ते 'मोजून घ्या' डोक्यात राहिले. गेल्या दीड महिन्याची पाने आज चाळली, तर जिकडेतिकडे आकडेच दिसतात. जे जे आदेश आले, त्यांतला आकडा आमच्या गावाने चटकन उचलला आणि इमानाने पाळला; तो आकडा कशासाठी आहे, हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा तसाच राहिला. यात गावाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. आदेश सांगणाऱ्यांनीही आकडाच मोठ्याने सांगितला आणि कारण घाईघाईत उरकले.

पहिली नोंद १३ मार्चची आहे. राज्यातील पहिले रुग्ण पुण्यात ९ मार्चला, होळीच्या दिवशी, सापडले होते, आणि १३ तारखेला राज्याने १८९७ चा साथरोग प्रतिबंधक कायदा लागू केल्याचे टीव्हीवर सांगितले. मोठ्या शहरांतील चित्रपटगृहे आणि व्यायामशाळा बंद झाल्या. आमच्याकडे त्याची पहिली प्रतिक्रिया हसण्याची होती. "आपल्याकडे मॉल कुठे आहे बंद करायला?" असे पारावर कोणीतरी म्हणाले आणि विषय मिटला. मला मात्र तो सन खटकला. मुंबईत प्लेग आला १८९६ मध्ये, कायदा आला पुढच्या वर्षी फेब्रुवारीत, आणि पुण्यात घरोघरी घुसून झडत्या घेणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली ती त्याच वर्षीच्या २२ जूनला. दरवर्षी हा धडा शिकवताना मी रँडचा जुलूम रंगवून सांगतो. पण ज्या कायद्याच्या वर्षात हे सारे घडले, तो अजून कपाटात तसाच आहे हे मुलांना कधी सांगितले नव्हते.

प्लेग म्हटले की मला आजी आठवते. तिच्या लहानपणी घरात उंदीर मरून पडू लागले, की दवंडीची वाट न पाहता अख्खे गाव उठून मळ्यात जायचे आणि कडब्याच्या झोपड्या घालून दोन-तीन महिने तिथेच काढायचे, असे ती सांगत असे. त्या वेळी जगायचे असेल तर घर सोडावे लागे आणि आता घर सोडू नका म्हणतात. साथीत गावाबाहेर पडायचे, ही गोष्ट आमच्या रक्तात इतकी भिनलेली आहे, की मार्चअखेर दोन-तीन कुटुंबे बाजा आणि भांडी बैलगाडीत घालून खरोखरच शेतात राहायला गेली. आदेश त्यांनी मोडला की आदेशाच्या पुढे जाऊन पाळला, याचे उत्तर मला अजून देता आलेले नाही.

२२ मार्च, जनता कर्फ्यू. सकाळी सात ते रात्री नऊ, म्हणजे चौदा तास. विषाणू बारा तासांत मरतो, म्हणून चौदा तास घरात बसले की साखळी तुटली, असा मजकूर त्या दिवशी प्रत्येकाच्या मोबाइलवर फिरत होता. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने तर तो मलाच 'सर, विज्ञान' असे वर लिहून पाठवला. दिवसभर गाव इतके शांत होते, की दुपारी नदीकाठच्या टिटवीचा आवाज शाळेपर्यंत ऐकू आला. पाच वाजता थाळ्या वाजवायच्या होत्या. दारात उभे राहून वाजवा, असे सांगितले होते. पण थाळी वाजू लागली की पाय घरात राहत नाहीत. दहा मिनिटांत पोरे पुढे, बाया मागे आणि एक ताशा, अशी मिरवणूकच निघाली. माझ्या हातातही पितळी होती आणि मीही चार घरे पुढे गेलो, हे इथे लिहिले पाहिजे.

त्याच दिवशी राज्यात जमावबंदीची घोषणा झाली, दुसऱ्या दिवशी संचारबंदी आली आणि जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. २४ तारखेला रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी सांगितले, की रात्री बारापासून एकवीस दिवस देश बंद. मध्ये चार तास होते आणि दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. जीवनावश्यक वस्तू मिळत राहतील, हे वाक्य कोणाच्या कानापर्यंत पोहोचलेच नाही. 'एकवीस' तेवढे पोहोचले. साडेआठला किराणा दुकानाच्या फळीला इतकी माणसे लोंबकळत होती, की दुकानदार आतून "उद्याही उघडे आहे, उद्याही आहे" असे ओरडत होता आणि त्याच्यावर कोणाचाही विश्वास नव्हता. जी गर्दी टाळायची होती, ती त्या चार तासांनी गोळा केली. हा निर्णय चूक होता असे मी म्हणत नाही, कारण तेवढे मला कळत नाही. पण दोन दिवसांची सवड आणि चार नीट समजावलेली वाक्ये मिळाली असती, तर ती रात्र तशी गेली नसती, असे मला आजही वाटते. पाडव्याला गुढ्या उभ्या राहिल्या. साखरेचे हार-कंगन मिळाले नाहीत, म्हणून काहींनी गुळाचा खडा दोऱ्याला बांधला.

जमावबंदीचा खरा अर्थ मला बिबड्यांनी शिकवला. मार्च-एप्रिल म्हणजे आमच्याकडे पापड, कुरडया आणि बिबड्यांचे दिवस, आणि ते काम एकटीचे नव्हे. ज्वारीच्या पिठाचा गरम घाटा एकीने ढवळायचा, तो थंड व्हायच्या आत दोघींनी पाण्याचा हात लावून कापडावर थापायचा आणि आणखी कोणी उन्हात खाटेवर नेऊन सोडवायचा. ऊन चढायच्या आत हे सारे व्हावे लागते. ग्रामसमितीचा सदस्य या नात्याने पहाटे फेरी मारताना एका ओट्यावर घोळका दिसला, म्हणून मी आवाज दिला. पदर नाकावर ओढत एक काकू म्हणाली, "गुरुजी, आम्ही तर चारच जणी!" पाच माणसे जमू नयेत असे दवंडीत होते, त्याचा तिने लावलेला अर्थ बिनचूक होता. समोरच्या ओट्यावर आणखी चौघी होत्या. घाट्याचे पातेले गल्लीच्या बरोबर मध्ये होते आणि दोन्हीकडून हात त्यात जात होते. मी काही बोललो नाही. संध्याकाळी आमच्या घरी वीस बिबड्या पोहोचल्या.

हसण्यासारखे तिथेच संपते. २८ मार्चला जळगावात पहिला रुग्ण सापडल्याची बातमी आली आणि गावाची नजर बदलली. आमच्या भागातील घर तसे एक नाही, ज्याचे कोणी सुरतेत नाही. उधना, लिंबायत ही नावे आम्हांला जवळच्या गावांसारखी. तिथले माग आणि कारखाने बंद झाल्यावर पोरे निघाली. कोणी मोटारसायकलवर तिघे, कोणी दुधाच्या गाडीत, काही चक्क पायी. आणि इकडे गावाने पुलाजवळच्या रस्त्यावर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या. असा आदेश कोणी दिलेला नव्हता. गावबंदी हा गावाचा स्वतःचा शोध, आणि एवढ्या उत्साहाने आम्ही दुसरे काहीच पाळले नाही.

आमच्याच भाऊबंदातील एक मुलगा तीन दिवस चालत, मिळेल त्या वाहनाने, रात्री त्या काट्यांशी पोहोचला. पलीकडून त्याने वडिलांना फोन केला. पुलावर पंधरा-वीस माणसे जमली (पाचाचा हिशेब त्या वेळी कोणाला आठवला नाही) आणि त्याला तिथूनच परत पाठवावे असे निम्म्यांचे म्हणणे पडले. त्यांतले बहुतेक जण आठवड्यापूर्वी थाळी घेऊन माझ्या पुढे चालत होते. शेवटी शाळेची एक खोली उघडून त्याला ठेवायचे ठरले. दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रात तपासून त्याच्या डाव्या हातावर शिक्का मारला. साथ येण्यापूर्वी आम्ही शिक्का पाहिला होता तो गुरांच्या बाजारात. "ढोरासारखा डागला माझ्या पोराला," असे म्हणत त्याची आई माझ्या ओट्यावर येऊन रडली. मुलाने तो शिक्का लिंबू आणि राखेने घासून पाहिला. तो गेला नाही, हाताची साल मात्र निघाली.

वेगळे राहण्याच्या चौदा दिवसांवरूनही वाद झाला. आलेली रात्र धरायची की नाही? आशाताई म्हणाली, धरायची नाही. तेव्हा एका वृद्धाने सुतकाचा दाखला दिला. कळले त्या दिवसापासून सुतक मोजतात, तसेच हेही मोजावे; जेवण दाराबाहेर ठेवावे, भांडे वेगळे असावे, शिवू नये. हे ऐकताच सगळ्यांना सगळे समजले. माझ्या तीन दिवसांच्या व्याख्यानाने जे झाले नव्हते, ते 'सुतक' या एका शब्दाने झाले. मला आनंद झाला आणि लगेच ओशाळल्यासारखेही झाले, कारण माणसापासून अंतर ठेवणे, भांडे वेगळे ठेवणे, वरून पाणी ओतणे, हे आमच्या गावाला कोणत्याही साथीने शिकवलेले नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ते सोसावे लागले, त्यांच्या वस्तीत गेलो असता एक बाई नुसती हसली. ते हसू मला नीट कळले.

पंधराव्या दिवशी पहाटे मुलगा घरी गेला. तोपर्यंत आशाताईच्या सर्वेक्षणात गावात बाहेरून आलेली माणसे अवघी दोन होती. "कोणी आले का?" या प्रश्नाला प्रत्येक दारातून "नाही" येत होते आणि ओट्याखाली नव्या धाटणीचे बूट दिसत होते. बाभळीच्या फांद्यांनी माणसे अडली नाहीत, ती रात्री पांधणीने आली; अडली ती माहिती.

पोलिसांच्या काठीविषयी थोडेच लिहितो. रस्त्यावर उठाबशा काढणाऱ्यांचे व्हिडिओ गावाने चवीने पाहिले, 'प्रसाद मिळाला' म्हणून हसले. मीही हसलो होतो. शाळेत छडी बंद होऊन किती वर्षे झाली, हे नंतर आठवले.

शेतीला सूट आहे असे आदेशात स्पष्ट लिहिले होते. व्यापारी येईल असे कुठे लिहिलेले नव्हते. रावेर-यावलकडे केळीच्या बागा पिकल्या आणि कापणीला कोणी येईना. इकडे कापूस खरेदी थांबली आणि तो घराघरांत पडून राहिला. पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस आणि मागच्या खोलीत सात माणसे, अंगाला रात्रभर खाज, आणि टीव्हीवर 'घरीच राहा, सुरक्षित राहा'. ते वाक्य कोणाच्या घराकडे पाहून लिहिले असावे, हे कोणालाही सांगता येईल.

५ एप्रिलला रात्री नऊला नऊ मिनिटे विजेचे दिवे बंद करून पणत्या लावायच्या होत्या. वीजजाळ्यावर ताण येईल म्हणून ऊर्जामंत्री चिंतेत होते. भारनियमनात वाढलेल्या आमच्या गावाने ती नऊ मिनिटे सवयीने काढली.

त्याच आठवड्यात काका गेले. वयाने गेले, साथीचा संबंध नव्हता. अंत्ययात्रेला वीस माणसे, असा नियम, आणि समितीतला म्हणून मोजण्याचे काम माझ्याकडे. घरातलेच चौदा होते. उरलेल्या सहांची नावे मी वहीच्या मागच्या पानावर लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. तिरडी उचलली तेव्हा काकांचे बालमित्र दादा काठी टेकत आले. साठ वर्षे आखाजीला दोघांनी एकाच आंब्याखाली पत्ते खेळले होते. एकविसावे. मी हात आडवा केला. ते काही बोलले नाहीत. स्मशानाच्या वाटेवर बाभळीखाली पाठ करून बसले, आणि आम्ही परतलो तेव्हाही तसेच बसलेले होते. नंतर दारावर येणारे मात्र दहा दिवस अंधार पडल्यावर चौघा-चौघांनी येतच राहिले. गंधमुक्तीपर्यंत त्यांची बेरीज किती झाली, ती मी केली नाही.

आज आखाजी. निंबाला झोका बांधला आहे आणि त्यावर कोणी नाही. लेक पुण्याला अडकली; सकाळी मोबाइलवर तिने घागरीची पूजा पाहिली आणि खापरावरची पुरणपोळी पाहून कॅमेरा बंद केला. आज सालदारांचे साल संपते. आमच्या शेजाऱ्याचा पावरा सालदार हिशेब घेऊन सातपुड्यातल्या पाड्यावर जायचा, तो वाहन नाही म्हणून गोठ्यातच आहे. अमळनेर शहराचे नाव आता रोज बातम्यांत असते, त्यामुळे या वेळी मळ्यात पत्त्यांचे डाव बसणार नाहीत याची खात्री करण्याचे काम समितीने मला दिले होते. दुपारी दोन ठिकाणी जाऊन डाव उठवले.

दिवेलागणीला दादा आले. ओट्याच्या खालीच उभे राहून त्यांनी विचारले, "गुरुजी, आज कितला जन चालतस?"

दोन, म्हणालो. त्यांनी उपरणे नाकावर ओढले आणि ओट्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.