स्लायडरला हात लावण्याआधी

कार्यक्रमाचे ४०० फोटो कार्डावर असतात आणि त्यांतले फार तर २०-२५ लोकांपर्यंत जायचे असतात. मधलं काम बरेच जण उलट्या क्रमाने करतात. पहिला बरा दिसलेला फोटो उघडायचा, त्यावर अर्धा तास एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधले स्लायडर सरकवायचे, मग पुढचा. त्याच क्षणाचा जास्त चांगला फोटो चार फ्रेम पुढे असतो, तो सापडतो तेव्हा आधीचा टाकून देववत नाही, कारण त्यावर मेहनत झालेली असते. निवड फसते ती इथे. म्हणून निवड पूर्ण होईपर्यंत एकाही फोटोचं एडिटिंग करू नये, असं माझं ठाम मत आहे. वेळ घालवायचाच तर तो निवडीत घालवावा. नीट निवडलेल्या फोटोला एडिटिंग फारसं लागतच नाही.

पहिली फेरी वेगात व्हायला हवी. एका फोटोला दोन-तीन सेकंद, त्याहून जास्त नाही. लाइटरूम क्लासिक या फोटो निवडण्याच्या आणि एडिट करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅप्स लॉक चालू ठेवून ठेवायच्या फोटोवर पी आणि बाद फोटोवर एक्स दाबलं की खूण होते आणि पुढचा फोटो आपोआप समोर येतो. फोटो मेकॅनिक हे सॉफ्टवेअर रॉ फाइलच्या (सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती जशीच्या तशी ठेवणाऱ्या फाइलच्या) आत कॅमेऱ्याने ठेवलेला तयार जेपेग दाखवतं, त्यामुळे थांबावं लागत नाही. डार्कटेबल आणि डिजिकॅम ही मोफत सॉफ्टवेअरंही या कामाला पुरतात. एक काळजी घ्या: लाइटरूममध्ये फोटो आत घेतानाच पूर्ण आकाराचे प्रीव्ह्यू, म्हणजे बघण्यापुरत्या प्रती, बनवून ठेवा. नाहीतर कमी आकाराचा प्रीव्ह्यू मोठा होऊन मऊ दिसतो आणि चांगला फोटो आउट ऑफ फोकस म्हणून बाद होतो.

या फेरीत बाद होणारे बहुतेक फोटो धूसर असतात, पण धूसरपणा तीन प्रकारचा असतो आणि तो ओळखता आला पाहिजे. फोटो १०० टक्क्यांवर न्या. सगळंच, अगदी मागचे दिवेसुद्धा, एकाच दिशेने ओढल्यासारखं दिसत असेल तर कॅमेरा हलला आहे. मागची भिंत लख्ख आणि माणूस तेवढा ओढल्यासारखा असेल तर माणूस हलला आहे, शटर स्पीड कमी पडला. माणूस मऊ पण त्याच्या मागची खुर्ची एकदम धारदार असेल तर फोकस चुकला आहे. हललेला कॅमेरा आणि चुकलेला फोकस, दोन्ही शार्पनिंगने दुरुस्त होत नाहीत. कडांभोवती पांढरी किनार उमटते आणि चूक आणखी उठून दिसते. हलणाऱ्या माणसाचा फोटो मात्र लगेच फेकू नका. डोळे स्थिर आणि फक्त हात किंवा पदर हललेला असेल तर बऱ्याचदा त्या फोटोतच जीव असतो.

अंधारलेला फोटोही पहिल्या फेरीत बाद करू नये. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये २५६. त्यामुळे रॉ फोटो दोन स्टॉप, म्हणजे चौपट, उजळला तरी तो सहसा टिकतो. जेपेग तेवढाच उजळला तर सावल्यांत चट्टे आणि आकाशात पट्टे दिसू लागतात. पांढऱ्या बाजूला मात्र अशी सवलत नाही. जास्त उजेडाने सेन्सर भरून वाहिला की त्या जागी माहितीच नसते. फोटो जळून पांढरा पडल्याचा कॅमेऱ्याच्या पडद्यावर लुकलुकणारा इशारा जेपेगवरून काढलेला असतो, म्हणून रॉमध्ये थोडं अधिक शिल्लक असू शकतं. खात्री करायची असेल तर हायलाइट्सचा, म्हणजे उजळ भागांचा, स्लायडर पूर्ण खाली ओढा. ढगांचे आकार परत आले तर माहिती आहे; नुसता सपाट राखाडी रंग आला तर ती गेली.

दुसरी फेरी खरी कसोटीची, कारण आता एकसारखे फोटो एकमेकांशी झुंजतात. समजा, नर्तिकेने गिरकी घेतली आणि कॅमेऱ्याने सलग नऊ फ्रेम टिपल्या. एकेक करून पाहिल्या तर नऊही चांगल्या वाटतात. लाइटरूममध्ये नऊही निवडून एन दाबा, म्हणजे त्या शेजारी शेजारी येतात. आता क्रमाने बघा. आधी डोळे: उघडे आहेत का आणि नजर कुठे आहे. मग बोटं. हाताची मुद्रा पूर्ण झाली आहे की अर्ध्यावर आहे, हे बोटांत कळतं, आणि नृत्य जाणणारा माणूस सर्वांत आधी तेच बघतो. मग पाय जमिनीला टेकला आहे की उचललेला आहे. मग मनगट किंवा पाऊल चौकटीच्या कडेला कापलं गेलं आहे का. शेवटी डोक्यामागे काय आहे: माइकचा दांडा, दिव्याचा खांब, दुसऱ्याचं अर्धं डोकं. नऊपैकी पाच इथेच गळतात. उरलेल्या चारांतून एक निवडताना तांत्रिक सफाईला मी शेवटचं स्थान देतो. किंचित नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, असलेला पण हावभाव नेमका पकडलेला फोटो घ्यावा, स्वच्छ पण निर्जीव फोटो सोडावा. आणि निवडायचा तो एकच. दोन ठेवले की बघणाऱ्याचं लक्ष त्यांच्यातला फरक शोधण्यात जातं.

ग्रुप फोटोत प्रश्न असतो मिटलेल्या डोळ्यांचा. ऑस्ट्रेलियातल्या पीयर्स बार्न्स आणि निक स्वेन्सन यांनी त्याचं गणित मांडलं होतं. २००६ साली त्यांना त्यासाठी इग नोबेल मिळालं. २० पेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांची संख्या भागिले तीन, कमी उजेडात भागिले दोन, इतके फोटो काढावेत, म्हणजे निदान एकात सगळ्यांचे डोळे उघडे असण्याची शक्यता भरपूर असते. १२ जण असतील तर चार किंवा सहा. इतके करूनही एकाचे डोळे मिटलेलेच असतील तर शेजारच्या फ्रेममधून त्याचा चेहरा आणून बसवता येतो, पण दोन्ही फ्रेम त्याच जागेवरून आणि काही सेकंदांच्या अंतराने काढलेल्या हव्यात. मान वेगळ्या कोनात असेल तर जोड लपत नाही.

यानंतर थांबावं. निदान एक रात्र, जमलं तर आठवडाभर. फोटो काढताना झालेला त्रास किंवा आनंद काही काळ त्याला चिकटून राहतो. तासभर वाट पाहून मिळालेला पक्षी आपल्याला मौल्यवान वाटतो, बघणाऱ्याला तो फांदीआडचा ठिपका असतो. अमेरिकन छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड यासाठीच रोल मुद्दाम बराच काळ न धुता ठेवत. १९८४ साली ते गेले तेव्हा सुमारे अडीच हजार रोल न धुतलेले निघाले. तेवढं लांबवायची गरज नाही, पण कल्पना योग्य आहे. थांबून परत आल्यावर फोटो अंगठ्याच्या नखाएवढे करून बघा. त्या आकारातही डोळा जिथे थांबतो, त्या फोटोंची रचना पक्की असते.

आता एडिटिंग. त्याआधी खोली आणि स्क्रीन. फोन किंवा लॅपटॉपवर रात्री आपोआप पिवळसर होणारा नाइट मोड बंद करा, नाहीतर आपण नकळत निळा रंग वाढवत बसतो. स्क्रीन पूर्ण उजेडावर ठेवली तर फोटो आहे त्यापेक्षा उजळ दिसतो, आपण तो गडद करतो, आणि प्रिंट काळपट येते. कॅलिब्रेट केलेल्या, म्हणजे उपकरणाने रंग आणि उजेड मोजून लावलेल्या, मॉनिटरसाठी १०० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर एवढा उजेड ठीक. उपकरण नसेल तर स्क्रीनशेजारी पांढरा कागद धरा आणि स्क्रीनचा पांढरा रंग साधारण तेवढाच उजळ दिसेल इतका उजेड कमी करा.

क्रम असा ठेवा: व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगांची दुरुस्ती), एक्सपोजर (एकूण उजेड), हायलाइट आणि शॅडो (उजळ आणि गडद भाग), मग चेहऱ्यापुरतं स्थानिक काम, क्रॉप, आणि शार्पनिंग शेवटी. रंग आधी का, तर पिवळ्या झाकेत चेहरा उजळ की अंधारा, याचा अंदाज चुकतो. व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर, म्हणजे टेकवलेल्या जागेवरून रंग ठरवणारं साधन, राखाडी किंवा मळकट पांढऱ्या जागेवर टेकवायचा. जळून पांढऱ्या पडलेल्या खिडकीवर टेकवला तर उत्तर चुकीचंच येतं, कारण तिथे रंगाची माहिती उरलेली नसते. सर्वांत त्रासदायक असतो मिश्र उजेड. खिडकीतून दिवसाचा ५५०० केल्विनच्या (केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचं माप) आसपासचा प्रकाश आणि आत ३००० केल्विनच्या आसपासचा पिवळा बल्ब, म्हणजे अर्धा चेहरा निळा आणि अर्धा नारिंगी. दोन्ही बाजू एका आकड्याने बरोबर होणार नाहीत. चेहऱ्याची मोठी बाजू बरोबर करा, मग मास्क घेऊन, म्हणजे दुसरी बाजू तेवढी वेगळी निवडून, तिथला रंग थोडा, साधारण अर्ध्यापर्यंत, जवळ आणा. पूर्ण जुळवला तर उजेड कुठून येतोय हेच हरवतं. तेही जमत नसेल आणि हावभाव उत्तम असेल तर कृष्णधवल करणं हा प्रामाणिक उपाय आहे.

एकाच उजेडात काढलेल्या सगळ्या फोटोंना एकच सेटिंग लावून घ्या. एका फोटोत माणूस पिवळा, पुढच्यात गुलाबी, असं झालं की अख्खा संच कच्चा वाटतो.

किती करायचं, हा पुढचा प्रश्न. दहा मिनिटं सलग बघितलं की डोळे भडकपणाला सरावतात. स्लायडर जास्त वाटेपर्यंत नेऊन मग निम्म्यावर आणणं हा जुना पण चांगला उपाय आहे. मध्येच उठा, परत या, आणि लाइटरूममध्ये बॅकस्लॅश दाबून मूळ फोटो बघा. शॅडो फार उचलल्याची खूण म्हणजे काळ्या केसांत राखाडी धुकं आणि त्यात रंगीत कण. क्लॅरिटी (कडांचा उठाव वाढवणारा स्लायडर) फार झाल्याची खूण डोंगर आणि आकाशाच्या सीमेवरची उजळ रेघ. त्वचा गुळगुळीत करताना कपाळावरची छिद्रं दिसेनाशी झाली तर अति झालं आहे.

क्रॉप करताना पिक्सेल मोजा. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० असतो. रुंदी-उंची निम्मी केली की सहाच मेगापिक्सेल उरतात. स्क्रीनला ते भरपूर आहेत, पण ८ बाय १२ इंची प्रिंटला ३०० पीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल धरून, २४०० बाय ३६०० लागतात, म्हणजे तिथे फोटो थोडा कमी पडतो. नॉइज काढण्याचाही असाच हिशोब. ६००० पिक्सेलचा फोटो २०४८ वर आणला की साधारण आठ-नऊ पिक्सेलांचा एक होतो आणि बराचसा नॉइज त्यातच विरतो. १०० टक्क्यांवर दिसणारा कण न कण पुसून चेहरा मेणासारखा करण्याचं कारण नाही.

एक्सपोर्ट करताना कलर स्पेस, म्हणजे फाइलमधले रंग कसे मांडायचे याचं मापन, एसआरजीबीच ठेवा. अडोबी आरजीबीमधला फोटो रंगांचा हिशोब न ठेवणाऱ्या ॲपमध्ये फिका दिसतो, आणि ‘तुझे फोटो डल का येतात?’ याचं उत्तर बऱ्याचदा एवढंच असतं. लांब बाजू २०४८ पिक्सेल, जेपेग क्वालिटी ८० च्या आसपास. १०० ठेवून फाइल खूप मोठी होते, फरक मात्र दिसत नाही. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि दाबला जातो. प्रिंटसाठी हवा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पण इथे एक गाठ आहे: साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून आतली माहिती काढून टाकली जाते, डॉक्युमेंटमध्ये ती जशीच्या तशी जाते, जीपीएसचं स्थानही. घरात काढलेला फोटो असा अनोळखी माणसाला पाठवणं म्हणजे घराचा पत्ता देणं. घरट्याचा किंवा दुर्मीळ प्राण्याचा फोटो असेल तर शिकाऱ्याला वाट दाखवणं. लाइटरूमच्या एक्सपोर्टमध्ये स्थान काढून टाकण्याची खूण असते; आयफोनवर शेअर करताना वरच्या ऑप्शन्समध्ये लोकेशन बंद करता येतं.

फोटोत कागदावरचा नंबर, पाकिटावरचा पत्ता असं काही असेल तर ते अंधुक करून भागत नाही, त्यावर काळा ठोकळा टाका. नुसतं क्रॉप करण्यावरही विसंबू नका. २०२३ च्या मार्चमध्ये गूगलच्या पिक्सेल फोनमधली एक चूक उघड झाली: क्रॉप केलेल्या स्क्रीनशॉटचा कापलेला भाग फाइलमध्ये तसाच राहत होता आणि परत मिळवता येत होता. शंका असेल तर फोटो नव्याने एक्सपोर्ट करून तीच प्रत पाठवा.

आणि माणसं. फोटो चांगला आहे, एवढ्यावर तो सगळ्यांना दाखवण्याचा हक्क मिळत नाही. खाताना उघडं तोंड, रडणं, आजारपण, अस्ताव्यस्त कपडे असलेला फोटो ज्याचा आहे त्यालाच आधी दाखवावा आणि तो म्हणेल तसं करावं. मूल असेल तर आई-वडिलांना विचारावं, आणि मूल नको म्हणण्याइतकं मोठं असेल तर त्यालाही. यासाठी मी तीन फोल्डर ठेवतो: सगळ्यांसाठी, फक्त फोटोतल्या माणसांसाठी, आणि कुणालाच नाही. तिसऱ्या फोल्डरमध्ये काही फार सुंदर फोटो असतात, ते तिथेच राहतात.

काय पुसलं चालेल, हे फोटो कशासाठी आहे त्यावर ठरतं. नाकावरची पुटकुळी आठवड्याने जाणारच असते, ती काढा. जन्मखूण किंवा व्रण विचारल्याशिवाय काढू नका. घटनेची नोंद म्हणून फोटो देत असाल तर त्यातून काही काढू नका, काही सरकवू नका. नॅशनल जिऑग्राफिकने फेब्रुवारी १९८२ च्या अंकावर उभ्या मुखपृष्ठात बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले होते. त्यावर झालेली टीका आजही फोटो-पत्रकारितेच्या वर्गात शिकवली जाते.

संच लावताना पहिला फोटो जागा कळेल असा विस्तृत घ्या, मग माणसं, मग जवळचे तपशील. एकेक फोटो झाकून बघा. तो नसताना काहीच कमी वाटत नसेल तर तो काढा. बाद केलेले फोटो लगेच डिलीट करू नका, महिनाभर राहू द्या. अमुक काका एकाही फोटोत नाहीत, असं कुणीतरी सांगतंच, आणि मग त्यांचा थोडा मऊ आलेला फोटोही कामी येतो. एक्सपोर्ट केलेल्या प्रतीला मूळ फाइलचा क्रमांक तसाच ठेवा. वर्षभराने कुणी व्हॉट्सॲपवरची छोटी प्रत दाखवून मोठी प्रिंट मागितली, तर आपल्या एक्सपोर्ट फोल्डरमध्ये तो फोटो ओळखायचा आणि त्याच क्रमांकाने मूळ रॉ फाइल काढायची.