तुम्ही विचारलंत म्हणून: ह्या माकडांना सोडून का देत नाही?

महिन्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच. शाळेची सहल आली की बाई विचारतात, लग्नात भेटलेल्या लांबच्या आत्या विचारतात. परवा तर बँकेत केवायसीचे कागद देताना काचेपलीकडच्या साहेबांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही माकडं सांभाळता? पण मॅडम, मागे एवढं जंगल आहे, मग पिंजऱ्यात कशाला? सोडून द्या ना!" माझ्यामागे रांग होती, म्हणून हसले आणि निघाले. इथे रांग नाही. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

आधी हे, की सोडतो. गेल्या पावसाळ्यात घाटातल्या वळणावर गाडीची ठोकर बसलेली एक वांदरीण आली. खांद्याला मुका मार, कपाळावर खोक, पण हाडं शाबूत. डॉक्टरांनी टाके घातले, आम्ही अंधाऱ्या खोलीत ठेवली, कुणी तिच्याशी बोलायचं नाही, लाड करायचे नाहीत, नावसुद्धा ठेवायचं नाही असा नियम. नवव्या दिवशी वनविभागाच्या माणसांसमोर त्याच वळणावर, त्याच आंब्याखाली पेटीचं दार वर केलं. कळप झाडावरच होता. ती चढली, वरून कुणीतरी खालच्या पट्टीत आवाज दिला, पानं हलली, संपलं. मागे वळून वगैरे काही बघितलं नाही तिने. दिवस कमी गेले म्हणून हे जमलं. दोन-चार महिने गेले असते तर कळपातली तिची जागा भरून निघाली असती.

तर जी सोडता येतात ती गेलेली असतात. तुम्हाला दिसतात ती उरलेली. सध्या अकरा आहेत, आठ केलडी आणि तीन वांदर.

आमच्या सिंधुदुर्गात लाल तोंडाचं ते केलडं आणि काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा तो वांदर. पुस्तकात केलड्याला टोपी माकड म्हणतात, कारण डोक्यावरचे केस मधोमध भांग पाडून चारी बाजूंना बसवल्यासारखे असतात. शहरातून आलेली माणसं दोघांनाही माकड म्हणून मोकळी होतात, पण आमच्याकडे दोघांचा स्वयंपाकच वेगळा. वांदराचं पोट गुराच्या वळणाचं, कप्प्याकप्प्यांचं, त्यात पाला आंबवून पचतो. त्याला पाव, बिस्किटं, गोडधोड घातलं तर आतलं सगळं आंबट होऊन जनावर जिवाला मुकू शकतं. शनिवारी हात जोडून लाडू भरवणाऱ्यांना हे सांगितलं की ते माझ्याकडे नास्तिक असल्यासारखं बघतात.

सकाळी सहाला पहिलं काम म्हणजे हजेरी. नुसती डोकी मोजायची नाहीत. कोण कुठल्या फळीवर बसलंय, कोण रोजच्या जागेवर नाही, कुणाची विष्ठा पातळ आहे, कुणी रताळ्याचा तुकडा हातात धरलाय पण खात नाहीये. माकड आजार लपवतं. कळपात अशक्त दिसलं की खालच्या पायरीवर ढकललं जातं, म्हणून ताप असला तरी ताठ बसतं. ते ताठ बसणं ओळखायला मला दोन वर्षं लागली. मग एकेका बाजूचं शटर पाडून धुणं, घासणं, आणि प्रत्येक दाराला दोनदा हात लावून बघणं. दारं दुहेरी आहेत. आतलं बंद झाल्याशिवाय बाहेरचं उघडायचं नाही. हा नियम मी एकदा मोडला, त्याची गोष्ट पुढे येईल.

तोवर स्वयंपाकघरात मावशींचं चिरणं चाललेलं असतं. दुधी, काकडी, गवार, मोड आलेले हरभरे, उकडलेलं रताळं. वांदरांसाठी वड, उंबर, पिंपळ, शेवग्याच्या डहाळ्या. फळं अगदी थोडी, कारण आपण बाजारात घेतो ती फळं माणसाच्या जिभेसाठी गोड केलेली असतात, रानातली फळं चोथट आणि तुरट. केळं तर फक्त औषधापुरतं. पाहुणे मात्र डझनाने केळी आणतात. त्यांचा मान राखून घेतो आणि दुपारी मावशी आम्हा सगळ्यांना शिकरण करून घालतात.

खायला देणं पाच मिनिटांचं काम आहे, आणि तीच अडचण आहे. रानात माकडाच्या दिवसाचा मोठा भाग शोधण्या-सोलण्यात जातो. इथे ताट समोर आलं तर उरलेला दिवस करायचं काय? मग ती स्वतःचेच केस उपटतात, नाहीतर एकाच जागी झुलत राहतात. म्हणून आम्ही बांबूच्या पेरांना भोकं पाडून आत शेंगदाणे भरतो, काथ्यात कुरमुरे विस्कटतो, नारळाच्या करवंटीत हरभरे घालून वर चिखल थापतो. थोडक्यात, ज्यांचा त्रास आपल्याला होतो ते उद्योग आम्ही त्यांना मुद्दाम लावतो.

चंपीची गोष्ट सांगते. चंपी आमची सगळ्यात म्हातारी, खेळ करणारी होती. ऑक्टोबर 1998 मध्ये केंद्र सरकारने अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या आणि सिंह यांचे खेळ करायला बंदी घातली, पण गल्लीबोळातले खेळ पुढेही चालू राहिले. अशाच एका आठवडी बाजारातून ती पकडून आणली. गळ्याला दोरीचा गुळगुळीत वण, वरचे सुळे कापलेले. पहिल्या दिवशी मी दांड्याचा झाडू घेऊन आत गेले आणि ती दोन पायांवर उभी राहिली, उजवा हात कपाळाला लावला. मी झाडू खाली ठेवीपर्यंत तशीच. तेव्हापासून तिच्याकडे फक्त बुटका खराटा नेतो. ज्याच्याकडून तिला आणलं त्याच्यावर मी रागवावं अशी लोकांची अपेक्षा असते. तिचे सुळे बघते तेव्हा येतो राग. पण पिढ्यांचा धंदा एका कागदाने बंद झाला आणि पुढे काय करायचं ते त्या कागदावर लिहिलेलं नव्हतं, हेही मला दिसतं.

चंपीला सांध्यांच्या दुखण्याची गोळी असते. केळ्यात घालून दिली की ती केळं दोन भाग करून बघते. गोळी बारीक करून गुळात मळली की गूळ गालातल्या पिशवीत जातो (केलड्यांना दोन्ही गालांत पिशव्या असतात, वांदरांना नसतात) आणि मी समाधानाने वळले की तासाभराने फळीवर गोळीचे कण थुंकलेले. सध्या नाचणीच्या पिठात खपतंय. किती दिवस, ते तिलाच माहीत.

आणि बंड्या. बँकेतल्या साहेबांना उत्तर द्यायचं तर खरं बंड्याचंच द्यायला हवं.

त्याची आई विजेच्या तारेचा धक्का बसून गेली. पिल्लू तिला चिकटून होतं, एका जोडप्याने सोडवून घरी नेलं. मूलबाळ नव्हतं त्यांना. बाटलीने दूध, अंगात झबलं, रात्री दोघांच्या मध्ये झोप, चारला चहात बुडवलेलं बिस्कीट. चार वर्षं सगळं छान चाललं, मग सुळे आले आणि त्याने शेजारच्या मुलाचा दंड फाडला. सगळ्याच पाळलेल्या माकडांचं असंच होतं. पिल्लू असतं तोवर बाळ, वयात आलं की त्याला घरातली पायरी ठरवायची असते, आणि ती दातांनीच ठरते. वन्यप्राणी घरात ठेवणं कायद्याने गुन्हा आहे हे त्यांना तेव्हा कळलं. तो आमच्याकडे आला तेव्हा सोबत एक पिशवी होती. त्यात गोधडी, स्टीलची वाटी, वाढदिवसाचे फोटो. बाई फाटकाशी बसून रडल्या. अजून फोन करतात, "चहा मागतो का हो?" मी नाही म्हणते. खोटं बोलते.

बंड्याला माकडांची बोली येत नव्हती. तुम्ही मोबाईलवर दात काढून हसणाऱ्या माकडाचे फोटो बघता ना? ते हसणं नव्हे, घाबरणं आहे. 'मी लहान, तू मोठा, मारू नकोस' असा त्याचा अर्थ. डोळ्यांत डोळे घालून बघणं म्हणजे दम देणं. दोस्तीची खूण म्हणजे ओठ चटाचट हलवणं, नजर जराशी बाजूला ठेवून. पिल्लू हे आईच्या पोटाशी असताना शिकतं. बंड्या माणसांसारखा टक लावून बघायचा, आणि त्याला मोबदल्यात थपडा मिळायच्या. एकदा चंपी त्याच्यासमोर येऊन पाठ करून बसली. केस विंचरून दे, असं ते आमंत्रण असतं. केवढा मान दिला होता तिने! तर हा तिच्या पाठीकडे बघत बसला, मग उचलून तिची शेपटी बाजूला केली आणि खाली बिस्कीट आहे का ते पाहिलं. पाठीला हात लावायला त्याला दीड वर्ष लागलं.

आता माझी चूक. श्रावणातली सकाळ, धो धो पाऊस, घरून फोन आला आणि मी आतल्या दाराची कडी घातली पण खीळ घातली नाही. परत आले तर बंड्या नाही. पिंजऱ्यामागे दहा पावलांवर जंगल सुरू होतं. उंबर आहे, जांभूळ आहे, ओहोळ आहे. आम्ही तिघं दुपारपर्यंत रानात हाका मारत भिजलो. तेवढ्यात खालच्या रस्त्यावरून निरोप आला. एसटीच्या थांब्यापाशी चहाची टपरी आहे, तिथल्या बाकावर तो दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. चिंब भिजलेला. टपरीवाल्याने बिचाऱ्याने दोन ग्लुकोजची बिस्किटं पुढे ठेवली होती, आणि चारही दिशांनी मोबाईल रोखलेले. सगळे त्याच्याकडे दात काढून हसत होते. तोही दात काढून बसला होता. मी त्याच्याकडे न बघता बाकाच्या टोकाला बसले, ओठ चटचटवले, गोधडी पसरली. पाच-सात मिनिटांनी तो गोधडीत शिरला. चावला नाही, हे माझं नशीब. चावतात, हो. चावलं की साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं, घड्याळ लावून, मग डॉक्टर आणि इंजेक्शनं. माझ्या डाव्या करंगळीचं पेर त्यातच गेलं.

सोडून द्या म्हणणाऱ्यांना जंगल रिकामं दिसतं. आमच्या जाळीवर कधीकधी रानातला केलड्यांचा कळप येतो. त्यातल्या माद्या जन्मल्या त्याच कळपात मरेपर्यंत राहतात, आई, मावशी, आजी असा गोतावळा. नर वयात आले की बाहेर पडतात आणि दुसऱ्या कळपात जागा मिळवतात, पण त्यासाठी वाकायचं कुठे, भिडायचं कुठे हे यावं लागतं. परवा त्यांच्या मोठ्या नराने वरची फांदी गदागदा हलवली. बंड्या कोपऱ्यात गोधडीच्या चिंधीखाली गेला. ह्याला मी कुणाच्या घरी पाठवू?

दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. आमचं आजारपण त्यांना लागतं. माणसाचा क्षय माकडाला होतो आणि झाला की झपाट्याने वाढतो. म्हणून आमची दर वर्षी तपासणी होते, सर्दी असली की स्वयंपाकघरात पाऊल नाही. माणसांच्या अंथरुणात वाढलेलं माकड रानात सोडायचं म्हणजे त्याच्याबरोबर काय सोडतोय हेही बघावं लागतं. उलट दिशेनेही आहेच. 2016 मध्ये दोडामार्ग तालुक्यात माकडतापाने माणसं गेली, रानात माकडं मरून पडली. हा ताप गोचिडीमार्फत येतो. तेव्हापासून जानेवारी ते मे पाला आणायला जाताना हातापायांना गोचीड दूर ठेवणारं डीएमपी तेल चोपडल्याशिवाय आम्ही निघत नाही, आणि मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता कळवतो.

आणि समजा सोडलंच, तर ते माणसांच्या वासावर गावातच उतरणार. माझ्या दिरांची माडांची बाग आहे. वांदर शहाळी तोडतात, दोन घोट पितात, टाकतात. गेली काही वर्षं त्यांनी भुईमूग लावणंच सोडलंय. महिन्यातून एकदा ते अंगणातून हाक मारतात, "वयनी, तुमचे पावणे आज आमच्याकडे जेवन गेले!" मी चहा टाकते. याच्यावर माझ्याकडे उत्तर नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावात 32 एकर जमीन माकडांच्या नावावर आहे, 2022 साली पेपरात आलं होतं. ते मी दिरांना मोठ्या कौतुकाने वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मगे हंयसून थंय धाडा तेंका."

चहावरून आठवलं. दुपारी चारला बंड्या जाळीशी येऊन बसतो. असेल तिथून त्याला कप बशीवर टेकल्याचा आवाज ऐकू येतो, मग तो जाळीतून हात बाहेर काढतो, तळवा वर करून, आणि तसाच धरून ठेवतो. कधी अर्धा तास. म्हणून गेली तीन वर्षं आम्ही चहा गोदामाच्या मागे जाऊन पितो, पावसात छत्री धरून. बँकेतल्या साहेबांनी यावं खुशाल, मावशी शिकरणही देतील. फक्त चहा मागच्या बाजूला मिळेल, आणि स्टीलच्या पेल्यातून, बशीशिवाय.