आमची वाटचाल: एक चिप, दोन कार्डं

२०१२ मध्ये आम्ही दोघांनी मिळून डिझाइनचं ऑफिस थाटलं तेव्हा ग्राफिक्स कार्ड ही वस्तू आमच्या खर्चाच्या वहीत नव्हतीच. सगळं काम ऑटोकॅडमधलं, टूडी. फिक्श्चरची (काम करताना पार्ट पकडून ठेवणाऱ्या साच्यांची) ड्रॉइंग्ज, फॅब्रिकेशनच्या शीट्स, नाहीतर कुणाची हाताने काढलेली जुनी ड्रॉइंग्ज पुन्हा काढून देणं. त्याला मदरबोर्डवरचं ऑनबोर्ड ग्राफिक्स पुरून उरायचं. मशीन रेंगाळायला लागलं की रॅम वाढवायची, एवढंच तंत्र आम्हाला ठाऊक होतं.

थ्रीडीत उतरलो २०१६ च्या शेवटी, तेही एका ग्राहकाने भरीला घातलं म्हणून. त्याच ऑक्टोबरमध्ये एनव्हिडियाचं जीटीएक्स १०५० बाजारात आलं होतं आणि कागदावर ते आमच्यासाठीच बनवल्यासारखं होतं. ६४० कूडा कोअर (चिपवरचे गणित करणारे छोटे भाग), २ जीबी मेमरी आणि ७५ वॉट, म्हणजे स्लॉटमधून मिळते तेवढ्याच विजेवर चालणारं. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, बदलायला नको. चारही मशीनमध्ये एकेक बसवलं. मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरवाल्यांची मान्य कार्डांची यादी असते, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या गावीही नव्हतं.

सहा महिने छान गेले. वीस-तीस पार्टची असेंब्ली कुठल्याही कार्डावर फिरते. मग पॅकिंग मशीनचं काम आलं, दीड हजारांवर पार्ट. मॉडेल फिरवलं की आधी नुसते ठोकळे दिसायचे आणि माउस थांबवला की पार्ट एकेक करून परत यायचे. तेही सोसलं असतं. पण हळूहळू कडा गायब व्हायला लागल्या. कधी भोकाचा अर्धाच गोल दिसायचा, तर कधी झाकलेल्या पार्टची रेघ पुढच्या पार्टमधून आरपार उमटायची.

एका ब्रॅकेटचं माप असंच मागच्या पत्र्याच्या कडेवरून घेतलं गेलं. पत्रा ३ मिमीचा, म्हणून भोकं ३ मिमीने सरकली. आठ नग परत आले. ज्याने ड्रॉइंग काढलं होतं तो मुलगा एवढंच म्हणाला, "सर, मी पुढचीच कडा धरली होती." मी त्याला चांगलंच झापलं. दोन दिवसांनी माझ्याच मशीनवर मी पुढच्या कडेवर क्लिक केलं आणि रंग बदलला मागच्या कडेचा. पुन्हा केलं, पुन्हा तेच. उठून त्याच्या टेबलाशी गेलो आणि सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. ब्रॅकेट अर्थातच आमच्या खर्चाने झाले.

सॉफ्टवेअरच्या सपोर्टला फोन लावला तर पहिलाच प्रश्न, कार्ड कोणतं? नाव सांगितल्यावर त्यांनी सेटिंगमध्ये 'सॉफ्टवेअर ओपनजीएल' चालू करायला सांगितलं. ओपनजीएल म्हणजे सॉफ्टवेअरने थ्रीडी चित्र काढून घ्यायची एक भाषा. (एखादी फाइल उघडी असेल तर हा पर्याय करडा दिसतो, क्लिकच होत नाही. माझा अर्धा तास त्यात गेला.) तो चालू केला की चित्र काढायचं काम कार्डाकडून काढून प्रोसेसरकडे जातं. कडा मुकाट जागेवर आल्या आणि मॉडेल गोगलगायीसारखं फिरायला लागलं. म्हणजे मॉडेल नीट होतं, आमचं शिकणंही नीट होतं. घोळ कार्ड निवडण्यात होता, आणि ते निवडलं होतं मी.

यादीत बघून एकच क्वाड्रो पी१००० मागवलं. क्वाड्रो ही एनव्हिडियाची व्यावसायिक कामासाठीची, म्हणजे वर्कस्टेशन कार्डांची मालिका होती. ते बसवलं त्या दिवशी काम पुढे सरकलंच नाही, कारण त्याच्या मागे चारही पोर्ट मिनी डिस्प्लेपोर्टची आणि आमच्या मॉनिटरांना एचडीएमआय. अॅडॉप्टर यायला दोन दिवस लागले. तोवर मी दोन्ही कार्डांची माहिती शेजारी ठेवून वाचली आणि खरं सांगतो, पोटात गोळा आला. दोन्हींत चिप एकच, जीपी१०७. कोअर तेच ६४०. पी१००० ला मेमरी ४ जीबी, पण तिचा वेग उलट कमीच. वीज ४७ वॉट. आणि एवढ्यासाठी आपण कितीतरी जास्त पैसे मोजले?

तिसऱ्या दिवशी त्याच मशीनवर तीच असेंब्ली उघडली. ठोकळे दिसले नाहीत. सेक्शन, म्हणजे मॉडेलचा छेद, काढून फिरवलं, कडा जागच्या हलल्या नाहीत. भागीदार म्हणाला, हा ४ जीबीचा प्रताप. शंका रास्त होती, म्हणून मेमरीचा वापर बघितला. ती असेंब्ली २ जीबीसुद्धा भरत नव्हती. फरक होता तो ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा.

खेळात पडद्यावर येतात भरीव त्रिकोण आणि त्यांवर चिकटवलेली चित्रं. कॅडमध्ये येतात लाखो बारीक रेघा, दोन्ही बाजूंनी दिसणारे पृष्ठभाग आणि त्यांना आडवं कापणारी सेक्शनची प्रतलं. ओपनजीएलमधली ही कामं वर्कस्टेशन कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये घोटून घेतलेली असतात, साध्या कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये ती वाट अरुंद असते. २०१७ मध्येच एनव्हिडियाच्याच टायटन एक्सपी या साध्या मालिकेतल्या कार्डासाठी नवा ड्रायव्हर आला आणि काही व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये त्या कार्डाचा वेग एका झटक्यात वाढला. सिलिकॉन तेच, वाट तेवढी रुंद झाली. जास्तीचे पैसे कशाचे असतात ते तेव्हा उमगलं. त्यातला एक वाटा तपासणीचाही असतो: अमुक कार्ड, अमुक ड्रायव्हर, अमुक सॉफ्टवेअर, ही तिन्ही एकत्र चालवून बघितलेली असतात. यादीत ड्रायव्हरचा आकडाही दिलेला असतो. तो सोडून मी एकदा हौसेने सर्वांत नवा ड्रायव्हर टाकला आणि रेघांचा लपंडाव पुन्हा सुरू झाला. तेव्हापासून ड्रायव्हरला हात लावायची परवानगी फक्त एकाला आहे. तो एक म्हणजे मी नव्हे.

म्हणून चारही कार्डं बदलली का? नाही. ऑटोकॅड आणि इन्व्हेंटर ओपनजीएलऐवजी डायरेक्टथ्रीडी या दुसऱ्या भाषेवर चालतात, तिथे साधं कार्ड फारसं मागे पडत नाही. कॅटिया, क्रिओ, सीमेन्स एनएक्स ही मॉडेलिंगची सॉफ्टवेअर ओपनजीएलवाली मंडळी, खरा फरक तिथे. स्पेकव्ह्यूपर्फ या चाचणीत सॉफ्टवेअरनुसार वेगवेगळे आकडे मिळतात. मी आपल्या सॉफ्टवेअरची ओळ तेवढी बघतो, खेळातल्या फ्रेम्सच्या तक्त्याकडे ढुंकूनही बघत नाही. मॉडेलिंगच्या दोन मशीनना पी१००० दिली, टूडीच्या दोन मशीनवर १०५० राहिली.

आणि रीबिल्ड? त्यात काडीचाही फरक पडला नाही. एखादं माप बदललं की पुढची सगळी फीचर एकामागून एक पुन्हा मोजली जातात आणि ते काम बहुतांशी प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतं. महागडं कार्ड घालूनही पडद्यावरचा 'थांबा' सांगणारा गोल फिरत राहिला तेव्हा भागीदाराने माझ्याकडे जे बघितलं, ते विसरणं कठीण आहे.

२०२१ मध्ये रेंडरिंगची, म्हणजे मॉडेलचं फोटोसारखं चित्र काढून द्यायची कामं यायला लागली आणि हाच प्रश्न नव्या नावांनी समोर आला. तोवर नव्या कार्डांवरून क्वाड्रो हे नाव गेलं होतं. एकीकडे आरटीएक्स ए२०००, दुसरीकडे आरटीएक्स ३०६०. चिप पुन्हा एकच, जीए१०६. ए२००० मध्ये ३३२८ कोअर, ३०६० मध्ये ३५८४. पण पहिलं ७० वॉटवर भागवतं, दुसऱ्याला लागतात १७०. रेंडरिंगमध्ये रेघा-कडांचं कौतुक नसतं. तिथे चालतो कोअरचा रेटा, आणि सीन मेमरीत मावला पाहिजे. ३०६० ला १२ जीबी होती, ए२००० च्या पहिल्या आवृत्तीला ६. रेंडरिंगला ३०६० घेतलं, त्यासाठी एसएमपीएस बदलला, कॅबिनेटही मोठं आणलं. ए२००० ला ईसीसी, म्हणजे स्वतःच्या चुका पकडून सुधारणारी मेमरी आहे हे विकणाऱ्याने तीनदा सांगितलं. पी१००० ला ती नव्हती आणि आमचं काही अडलं नव्हतं, तेव्हा त्यासाठी मी एक पैसाही जास्त दिला नसता.

तरी मॉडेलिंगच्या एका मशीनला ए२००० घेतलंच, यादीतलं म्हणून. ते आलं त्या दिवशी मी आधी टेबलाचा खालचा खण उघडला. त्यालाही मागे चार मिनी डिस्प्लेपोर्टच आहेत, आणि २०१७ चे अॅडॉप्टर त्या खणात तसेच होते.