तुम्ही विचारलंत म्हणून: कार्ब्युरेटर काढू की ठेवू?

प्रश्न जवळपास नेहमी त्याच शब्दांत येतो. "गाडी चाळीस वर्षांची आहे. सकाळी चालू व्हायला रडते, पिकअप देताना झटके मारते, पेट्रोल ढोसते. कार्ब्युरेटर काढून फ्युएल इंजेक्शन बसवून टाकू का?" (कार्ब्युरेटर हवेच्या ओढीने पेट्रोल हवेत मिसळतो, फ्युएल इंजेक्शन ते दाबाने फवारतं.) विचारणाऱ्याचं मन बहुतेक वेळा ठरलेलं असतं, त्याला फक्त कुणीतरी 'हो' म्हणायला हवं असतं. मी मात्र उलट विचारतो, की डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे प्रत्येक प्लगला वेळेवर वीज वाटणाऱ्या डबीचं, झाकण शेवटचं कधी उघडलं होतं?

हा टोमणा नाही, माझीच फजिती आहे. माझ्या गाडीला दोन एसयू (ब्रिटिश बनावटीचे) कार्ब्युरेटर आहेत. एका वर्षी ती दोन हजार आरपीएमच्या आसपास अडखळायला लागली. पाय दाबावा, तर ती क्षणभर विचार करणार आणि मग निघणार. मी दोन्ही कार्ब्युरेटर तीनदा उघडले. फ्लोटची (वाटीतलं पेट्रोल ठरल्या उंचीवर राखणाऱ्या तरंगाची) पातळी पाहिली, सुया बदलल्या, डॅशपॉटमधलं (कार्ब्युरेटरच्या वरच्या नळकांड्यातलं) तेल बदललं, दोघांची हवा नळी लावून सारखी करत बसलो. शेवटी एका म्हाताऱ्या मेकॅनिकने व्हॅक्यूम अॅडव्हान्सची (इंजिनाच्या ओढीवर स्पार्क आधी पाडणाऱ्या डबीची) नळी काढली, तिला तोंड लावून हवा ओढली आणि म्हणाला, "डिस्ट्रिब्युटरमधली प्लेट हलतेय का बघा." प्लेट जागची हलली नाही. आतला रबरी पडदा फाटला होता. त्यामुळे हलक्या पायाने चालवताना स्पार्क हवा तितका आधी पडत नव्हता, आणि वर त्या भोकातून फुकटची हवा आत जात होती. दोन्ही कार्ब्युरेटर पहिल्यापासून निर्दोष होते. त्या वर्षी माझ्या हातात इंजेक्शनचं किट असतं, तर मी ते नक्की बसवलं असतं, आणि गाडी अडखळतच राहिली असती.

म्हणून आधी पॉइंट (स्पार्क पाडणारा स्विच), त्याचा कंडेन्सर, प्लग, टायमिंग, कॉम्प्रेशन, इनटेक मॅनिफोल्डचं (मिश्रण सिलिंडरकडे नेणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट, हे सगळं पाहा. कार्ब्युरेटर सर्वांत शेवटी. तो बिचारा इंजिनाच्या डोक्यावर बसलेला, समोर दिसणारा, त्यामुळे पान्याचा पहिला वार त्याच्यावरच होतो.

आता दुसरा मुद्दा. 'जग इंजेक्शनकडे गेलं, म्हणजे कार्ब्युरेटर वाईटच असणार,' हे वाक्य मला फार ऐकावं लागतं. जग कशामुळे गेलं ते पाहू. विल्हेल्म मायबाखने 1893 मध्ये फ्लोट आणि जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) असलेला फवारा मारणारा कार्ब्युरेटर बनवला, आणि पुढची ऐंशी-नव्वद वर्षं बहुतेक गाड्या त्याच तत्त्वावर धावल्या. हवा अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तिथला दाब कमी होतो, आणि वाटीतलं पेट्रोल जेटमधून वर खेचलं जातं. इंजेक्शन त्या काळातही होतंच. 1954 च्या मर्सिडीझ 300 एसएलमध्ये जर्मन कंपनी बॉशचा यांत्रिक पंप थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडायचा. ताकद भरपूर, पण खोडही मजेशीर होती. किल्ली बंद केल्यावरही इंजिन पुरतं थांबेपर्यंत पंप पेट्रोल मारत राहायचा, ते सिलिंडरच्या भिंतींवरून ओघळून तेलात मिसळायचं. अमेरिकेत बेंडिक्स कंपनीने इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आणलं, 1958 च्या काही क्रायस्लर गाड्यांत ते बसलंही. ते इतकं बिघडायचं, की त्यातल्या बहुतेक गाड्यांना नंतर कार्ब्युरेटर लावून द्यावे लागले. म्हणजे उलटी गंगाही वाहून झालेली आहे. बॉशचं डी-जेट्रॉनिक 1967 मध्ये फोक्सवॅगनच्या 1600 मध्ये आलं, तेव्हा कुठे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनचा जम बसला.

पण कार्ब्युरेटरला खरा धक्का दिला तो धुराच्या नियमांनी. थ्री-वे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (धुरातले विषारी वायू निवळवणाऱ्या डब्याला) हवा आणि पेट्रोल यांचं वजनी प्रमाण 14.7 ला 1 च्या अगदी जवळ, सतत, लागतं. सायलेन्सरच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर बसवून, त्याचं ऐकून दर क्षणी मिश्रण सुधारत राहणं इंजेक्शनला सहज जमतं. कार्ब्युरेटरलाही इलेक्ट्रॉनिक्सची कुबडी देऊन पाहिली गेली. ज्यांनी त्या काळातल्या व्हॅक्यूमच्या नळ्यांचं जंगल उघडून पाहिलंय, त्यांना त्याबद्दल वेगळं सांगायला नको. तुमच्या जुन्या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसेल, तर ज्या कारणासाठी जग बदललं, ते कारण तुम्हाला लागूच होत नाही.

मग इंजेक्शन घ्यायचंच कशाला? कारणं आहेत, आणि ती खरी आहेत. समुद्रसपाटीला नीट चालणारा कार्ब्युरेटर दोन हजार मीटरवर नेला, की हवा साधारण अठरा टक्के विरळ झालेली असते. जेट मात्र तेच, म्हणून मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होतं, काळा धूर येतो आणि इंजिन जड वाटतं. इंजेक्शन दाब आणि तापमान मोजून पेट्रोल आपोआप कमी करतं. थंडीतली सुरुवातही तशीच. चोक ओढा, मग अर्धा आत ढकला, मग आठवणीने पूर्ण आत, ही कसरत उरत नाही. गाडी तीन-चार आठवडे उभी राहिली, तर कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि खाली चिकट थर राहतो. मग वाटी भरेपर्यंत स्टार्टर मारत बसा. शिवाय इथेनॉल. दहा टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला आदर्श प्रमाण सुमारे 14.1 ला 1 लागतं, म्हणजे शुद्ध पेट्रोलसाठी निवडलेला जेट त्यावर थोडा लीन (पेट्रोल कमी) पडतो. सेन्सर असलेलं इंजेक्शन हा फरक भरून काढतं. कार्ब्युरेटरमध्ये तुम्हाला जेट बदलावा लागतो. जुने रबरी पाइप मात्र दोन्हीकडे बदलावेच लागतात, इथेनॉल त्यांना सोडत नाही.

तुमचा रोजचा प्रवास असेल, घाट चढायचे असतील, गाडी घरातलं दुसरं कुणीही चालवणार असेल, तर इंजेक्शन बसवा, मी आडवा येणार नाही. पण अर्धवट बसवू नका. खरी गोम इथेच आहे, म्हणून यावर जरा रेंगाळतो.

थ्रॉटल बॉडीचं (कार्ब्युरेटरच्या जागी बसणारं, इंजेक्टरसकटचं) किट खोक्यात छान दिसतं. चार बोल्ट काढा, चार बोल्ट घाला. प्रत्यक्षात तुम्ही गाडीची अख्खी पेट्रोलव्यवस्था बदलत असता. कार्ब्युरेटरला साधारण 0.2 ते 0.4 बार दाब पुरतो, जास्त दिला तर फ्लोटची सुई उचलली जाते आणि पेट्रोल ओसंडतं. इंजेक्शनच्या बऱ्याच प्रकारांना तीन बारच्या आसपास दाब लागतो. जुना पाइप आणि जुने क्लिप त्या दाबाला टिकणार नाहीत, आणि तिथून फवारा उडाला तर तो तापलेल्या एक्झॉस्टवर उडेल. पाइप इंजेक्शनसाठीच बनवलेला हवा. बहुतेक किटना टाकीकडे परत जाणारी नळी लागते. टाकीत आडोसे नसतील, तर वळणावर पेट्रोल एका बाजूला जाऊन पंप हवा ओढतो. कार्ब्युरेटरची वाटी अशा वेळी चार सेकंद निभावून नेते, इंजेक्शन तिथल्या तिथे मान टाकतं. माझ्या एका मित्राची गाडी टाकी पाव भरलेली असली की प्रत्येक लांब वळणावर बंद पडायची. त्याने कंट्रोल युनिट (इंजेक्शनचा इलेक्ट्रॉनिक मेंदू) दोनदा बदललं. दोष टाकीत होता.

मग वीज. पंप, इंजेक्टर, सेन्सर, कंट्रोल युनिट यांना स्थिर व्होल्टेज लागतं. जुना डायनॅमो आयडलला जेमतेम दिवे पेटवतो, त्याच्याकडून ही अपेक्षा करू नका. आधी अल्टरनेटर, मग चांगलं अर्थिंग. प्लगच्या वायरी साध्या तांब्याच्या असतील, तर त्यांच्या विद्युत गोंगाटाने कंट्रोल युनिट बिथरतं. आणि अपघातात पंप आपोआप बंद करणारा स्विच विसरू नका. यांत्रिक पंप इंजिन थांबलं की थांबतो, विजेचा थांबत नाही.

एक मधला मार्गही आहे, तो कुणी विचारत नाही. तक्रार फक्त उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये बंद पडण्याची असेल, तर इंजेक्शन नकोच. इंजिनावरचा पंप टाकीतून पेट्रोल ओढतो, ओढताना नळीतला दाब घटतो, आणि तापलेलं पेट्रोल तिथेच उकळून वाफ होतं. टाकीजवळ कमी दाबाचा विजेचा पंप बसवला, नळी एक्झॉस्टपासून दूर नेली, कार्ब्युरेटरखाली उष्णता अडवणारा जाड तुकडा घातला, तर बऱ्याच गाड्यांचं हे दुखणं जातं.

आता ज्यांच्या गाडीत मुळातच 1970 च्या दशकातलं इंजेक्शन आहे, आणि जे वैतागून कार्ब्युरेटर लावायला निघालेत, त्यांच्यासाठी माझं उत्तर 'नको' असं आहे. उदाहरणार्थ, बॉशचं के-जेट्रॉनिक इंजेक्शन. त्यात पेट्रोलचं मोजमाप पूर्णपणे यांत्रिक आहे. हवेने एक तबकडी उचलली जाते, ती पेट्रोलची वाट कमी-जास्त करते. दाबमापक लावून पद्धतशीर तपासलं, तर दोष सापडतो. बहुतेकदा कुठल्यातरी वाळलेल्या रबरातून न मोजलेली हवा आत शिरत असते. त्या इंजिनाचं मॅनिफोल्ड इंजेक्शनसाठी आखलेलं असतं, त्यावर कार्ब्युरेटर ठोकून बसवला, की काही सिलिंडर रिच, काही लीन, आणि तुम्ही कायमचे दुखी.

मी स्वतः अजून दोन एसयूवरच आहे. गाडी रविवारची आहे, डोंगरावर जात नाही, आणि रस्त्यात बंद पडली तर मला एका पान्याने आणि एका स्क्रूड्रायव्हरने ती उघडता येते. कंट्रोल युनिट गेलं, तर मी फक्त हताशपणे त्याच्याकडे बघू शकतो.

तुम्ही बदल करणारच असाल, तर काढलेला कार्ब्युरेटर भंगारात देऊ नका. वाटी रिकामी करा, वाळू द्या, लिंकेज, केबल आणि एअर क्लीनरसकट एका खोक्यात ठेवा, आणि काढण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो घ्या. स्प्रिंग कुठल्या भोकात अडकवली होती, ते आठ दिवसांत विसरायला होतं.