परत आलेली पोस्त

गेल्या डिसेंबरातील एका गुरुवारी संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास आमच्या दिवाणखान्याच्या काचेवर उजेडाचा एक ठिपका हलताना दिसला. न्यू जर्सीत त्या दिवसांत साडेचारलाच सूर्य मावळतो, त्यामुळे बाहेर गुडुप अंधार होता. दार उघडून पाहिले तर आमच्या भागात टपाल वाटणाऱ्या बाई पायऱ्या चढत होत्या. कपाळावर पट्ट्याने बांधलेला दिवा, काखेत पत्रांचा गठ्ठा आणि दोन्ही हातांत एकावर एक तीन खोकी. सकाळी साडेसातला कामावर आलेल्या त्या बाईंची अजून चाळीस घरे बाकी होती.

मी आधीच तयार ठेवलेले पाकीट त्यांना दिले. आत पन्नास डॉलर होते. त्यांनी पाकीट उघडले नाही, नुसते बोटांनी चाचपले आणि विचारले, "यात रोख आहे का?" मी हो म्हणताच त्यांनी ते परत माझ्या हातात ठेवले आणि अगदी मऊ आवाजात सांगितले की, रोख रक्कम त्यांना घेता येत नाही, एक डॉलरसुद्धा नाही.

नियम असा आहे की, अमेरिकेतील टपाल कर्मचाऱ्याला ग्राहकाकडून एका प्रसंगी वीस डॉलरपर्यंत किमतीची वस्तू घेता येते, एकाच माणसाकडून वर्षभरात पन्नास डॉलरच्या वर काहीही घेता येत नाही आणि रोख तर कधीच नाही. इतकी वर्षे येथे राहून मला हे ठाऊक नव्हते, कारण आतापर्यंत मी फक्त चकल्या आणि बेसनाचे लाडूच देत आले होते. नियम समजला तरी पाकीट परत आले ते मला लागले. आमच्या साताऱ्याच्या घरी पाडव्याला पोस्टमनकाका येत, तेव्हा आजी फराळाच्या ताटलीखाली पाच रुपयांची नोट घडी करून ठेवी. "पोस्त" हा शब्द उच्चारायची गरजही पडत नसे. वर्षभर उन्हापावसात सायकल दामटणाऱ्या माणसाला सणाच्या दिवशी हातात काही द्यावे, ही त्यामागची भावना होती, आणि ती लाच नव्हती हे मला आजही ठामपणे म्हणावेसे वाटते. काकांनी पोस्त न देणाऱ्या घराची मनीऑर्डर कधी अडवली नाही. इथल्या नियमाने माझ्या आजीच्या त्या नोटेकडे संशयाने पाहिल्यासारखे वाटले, आणि दोन दिवस मी मनातल्या मनात त्या नियमाशी भांडत होते.

हे भांडण मी आमच्या शेजारच्या आजोबांपुढे काढले. त्यांनी १९७९ पासून चौतीस वर्षे टपाल वाटले, आणि त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांनीही तेच काम केले. वडिलांच्या काळी घरोघरी दिवसातून दोनदा टपाल जाई. ती पद्धत १९५० साली बंद झाली. आजोबांनी माझे गाऱ्हाणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "त्या बाईंना पन्नास डॉलर नकोत, डिसेंबर परत हवा आहे." मला उलगडा होईना, तेव्हा त्यांनी मला तासभर बसवून डिसेंबर म्हणजे काय असे, ते सांगितले.

त्यांच्या उमेदीच्या काळातला डिसेंबर कागदाचा होता. नोव्हेंबरअखेरचा थँक्सगिव्हिंगचा सण उलटला की शुभेच्छापत्रांचा पूर येई. सकाळचे तीन-तीन तास ते कप्प्यांच्या फळीपुढे उभे राहून एकेक पाकीट घराच्या क्रमाने लावीत, मग खांद्याला पिशवी अडकवून निघत. पिशवीत एका वेळी पस्तीस पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे सोळा किलोंपेक्षा, जास्त वजन घालायचे नाही असा दंडक होता, म्हणून उरलेले गठ्ठे वाटेवरच्या हिरव्या पेट्यांत ठेवलेले असत आणि फेरी संपली की पुढचा गठ्ठा उचलायचा. हंगामापुरती महाविद्यालयातील मुले मदतीला घेतली जात. खांदे भरून येत, पण चोवीस तारखेच्या संध्याकाळी त्या कामाला शेवट असे, आणि जानेवारीत पिशवी हलकी होई. कोणाच्या घरी यंदा पत्रे कमी आली, कोणाचा मुलगा परदेशातून लिहीत नाही, हे त्यांना पाकिटे लावता लावता कळे. हे सांगताना त्यांचे हात हवेतच कप्पे भरत होते, डावा गठ्ठा धरून आणि उजवा झरझर पुढे जात.

मग यंत्रे आली. १९९० च्या दशकात पत्रे थेट वाटपाच्या क्रमाने लावून देणारी यंत्रे बसली, आणि आपल्याला वाटेल की माणसाचे कष्ट कमी झाले. प्रत्यक्षात कमी झाला तो छपराखालचा, उबेतला वेळ. तो वाचला म्हणून प्रत्येकाच्या वाटेला आणखी घरे जोडली गेली, आणि कप्प्यांपुढे जाणारे तास रस्त्यावर गेले. मला या सगळ्या कहाणीतील हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण पुढे प्रत्येक सुधारणेचे असेच झाले. वाचलेला वेळ माणसाला परत मिळाला नाही, त्याच्या जागी नवे काम आले.

पुढे कागदही ओसरू लागला. अमेरिकेच्या टपालाने २००६ साली २१३ अब्ज नग हाताळले, तो उच्चांक होता. २०२३ पर्यंत तो आकडा ११६ अब्जांवर उतरला. पार्सले मात्र २०१३ मधील ३.७ अब्जांवरून २०२१ मध्ये ७.६ अब्जांवर गेली. पत्रे निम्म्याच्या आसपास आणि खोकी दुप्पट, असा हा हिशेब आहे. शंभर पत्रे एका हाताच्या पंजात मावतात, शंभर खोक्यांना मात्र शंभर वेळा वाकावे लागते.

आमच्या बाई जी पांढरी गाडी चालवतात, ती पत्रांच्या काळातली आहे. १९८७ ते १९९४ या काळात बनलेल्या त्या गाड्या चोवीस वर्षे टिकाव्यात असा हेतू होता, आणि त्यांतल्या कितीतरी आजही धावत आहेत. पदपथालगतच्या पेटीत हात पोचावा म्हणून त्यांचे स्टीअरिंग उजव्या बाजूला असते. मी नवी आले तेव्हा आपल्याकडच्यासारख्या उजवीकडे बसलेल्या त्या चालकाला पाहून उगाच ओळखीचे वाटले होते. गाडीत वातानुकूलन नाही, हिवाळ्यात पुरेशी ऊब नाही, आणि पत्रांसाठी आखलेल्या त्या पोटात आता खोकी छतापर्यंत रचलेली असतात. उंच छताच्या, वातानुकूलित नव्या गाड्या २०२४ पासून रस्त्यावर येऊ लागल्या आहेत, पण आमच्या गल्लीपर्यंत अजून एकही आलेली नाही.

खासगी कंपन्यांची गोष्ट थोडी निराळी आहे, पण जाते त्याच दिशेने. तपकिरी गाड्यांची यूपीएस ही कंपनी १९०७ साली सिॲटलमध्ये निरोप्यांची संस्था म्हणून सुरू झाली आणि पुढे कित्येक वर्षे मोठमोठ्या दुकानांतील खरेदी घरपोच करत राहिली. माणसे दुकानात जाऊन नाताळाची खरेदी करीत आणि खोकी गाडीने मागाहून येत. चालकाच्या हातात १९९० पर्यंत कागदाची पाटी असे, नंतर सही घेणारे विद्युत उपकरण आले, आणि गेल्या दशकात कोणत्या घरी आधी जायचे हेही संगणक ठरवू लागला. तिथल्या चालकाला एरवीच्या दिवशी साधारण १२० थांबे असतात असे सांगितले जाई, आणि डिसेंबरात त्यावर किती चढतील याला सुमार नाही. २०१८ पासून ॲमेझॉनने लहान कंत्राटदारांमार्फत स्वतःच्या निळसर गाड्या उतरवल्या. त्यांचे चालक ॲमेझॉनचा गणवेश घालतात, पगार मात्र कंत्राटदाराकडून घेतात.

डिसेंबरापुरता एक कायदा वाचून तर मी थक्क झाले. व्यावसायिक वाहनचालकाने आठवड्यात किती तास काम करावे याला अमेरिकेत केंद्रीय मर्यादा आहे, सात दिवसांत साठ तास किंवा आठ दिवसांत सत्तर तास. पण किरकोळ दुकानातून थेट ग्राहकाच्या घरी, जवळच्या परिसरातच माल पोचवणाऱ्या चालकांना १० डिसेंबर ते २५ डिसेंबर या काळात त्यातून सूट आहे. म्हणजे माणूस सर्वांत जास्त दमतो नेमक्या त्या सोळा दिवसांत त्याच्या दमण्यावरची मर्यादा उठते. दुकानांच्या गाड्या नाताळाचे सामान घेऊन गल्लीगल्लीत फिरत, त्या काळाचा वास त्या शब्दांना येतो. तेव्हा निदान खरेदीला दुकान बंद होण्याची वेळ असे.

२०१३ च्या नाताळात मुलाची भेटवस्तू वेळेवर आली नाही, म्हणून मी एका कंपनीला फार कडक शब्दांत तक्रार लिहिली होती. त्या वर्षी थँक्सगिव्हिंग २८ नोव्हेंबरला आले होते, नाताळापर्यंत पुरते चार आठवडेही नव्हते, हवामान बिघडले होते आणि शेवटच्या क्षणापर्यंत ऑनलाइन मागणी नोंदवता येत होती. देशभर असंख्य घरांत खोकी पंचवीस तारखेनंतर पोचली. त्याच नोव्हेंबरात टपाल खात्याने काही शहरांत रविवारीही पार्सले वाटायला सुरुवात केली. आज ती तक्रार आठवली की वाटते, मी ती ज्या माणसापर्यंत पोचवली त्याच्या हातात त्यातले काहीही नव्हते. तरी मुलगा सहा वर्षांचा होता आणि रडत होता, हेही खरेच आहे.

पुण्याचा भाऊ म्हणतो, "तुमच्याकडे सगळे यंत्र करते आणि वर रुबाबदार पगार, त्यांची कसली कणव करतेस?" त्याचे मला पटत नाही, पण त्यातला एक भाग मान्य करावा लागतो. येथे ज्यांना चांगला पगार आहे, त्यांनी तो भांडून मिळवला आहे. १९७० च्या मार्चमध्ये न्यू यॉर्कच्या टपालवाल्यांनी कायद्याने मनाई असूनही संप केला, देशभरात सुमारे दोन लाख कर्मचारी त्यात उतरले आणि अध्यक्ष निक्सन यांना पत्रे लावायला सैनिक पाठवावे लागले. १९९७ च्या ऑगस्टमध्ये यूपीएसचे १,८५,००० कामगार पंधरा दिवस संपावर होते. २०२३ मध्ये संपाच्या उंबरठ्यावरून परतलेल्या याच कामगारांच्या संघटनेने नव्या गाड्यांत वातानुकूलन आणि सुटीच्या दिवशी सक्तीचा ओव्हरटाइम नाही, या दोन गोष्टी लिहून घेतल्या. कंत्राटदाराच्या गाडीवरील मुलापाशी असा लेखी करार नसतो. माझ्या भावाच्या दारात दहा मिनिटांत दूध आणणाऱ्या मुलापाशीही नाही, आणि हे मी त्याला सांगितले तेव्हा त्याने विषय बदलला.

आजोबांचे बोलणे मला हळूहळू उमगले. पोस्त देण्यासाठी वर्षभर तोच माणूस दारी यावा लागतो. टपालवाल्या बाई येतात, पण त्यांना ती घेता येत नाही. निळसर गाडीतून दर वेळी निराळाच मुलगा उतरतो, खोके ठेवतो, त्याचा फोटो काढतो आणि मी दार उघडेपर्यंत गाडी वळलेली असते. त्यांच्यासाठी मी पायरीवर पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटांचे पुडे ठेवते, येथे पुष्कळ घरी ठेवतात. पुडे संपतात, म्हणजे कोणीतरी घेते एवढेच कळते.

बाईंना मी पुढच्या सोमवारी लोकरीचे हातमोजे दिले, बोटांची टोके उघडी असलेले. त्यांच्या बोटांच्या पेरांवर पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली मी पाहिली होती. दिवसभर पुठ्ठा हाताळून कातडी कोरडी पडते आणि भेगा पडतात, आणि स्कॅनरची बटणे दाबायला बोटे उघडी लागतात. त्यांनी किंमत विचारली. चौदा डॉलर, असे मी सांगितल्यावर त्यांनी मोजे तिथल्या तिथे चढवले, पुढच्या घराचे पाकीट बाहेर काढून पाहिले आणि मान हलवली.

ऑनलाइन मागवणे मी थांबवलेले नाही. नोकरी आहे, थंडी आहे, आणि घरी दोघा म्हाताऱ्यांचे पथ्यपाणी आहे. पण खोकी आठवड्यातून एकाच दिवशी एकत्र पाठवावीत हा पर्याय मी आता निवडते, आणि नाताळाची खरेदी डिसेंबर लागायच्या आत उरकते. कणकेची वीस पौंडांची गोणी मात्र गेली चार वर्षे मी घरपोच मागवत होते, दुकान ओक ट्री रोडवर गाडीने दहा मिनिटांवर असताना. गेल्या शनिवारी ती आम्ही स्वतः आणली. गाडीपासून दारापर्यंत अकरा पायऱ्या आहेत. सातव्या पायरीवर मी गोणी खाली ठेवली, दम घेतला आणि ती दुसऱ्या खांद्यावर घेतली.