मराठीच्या तासाला माहितीपट कशाला?

पालकसभेत हमखास येणारा प्रश्न: "सर, बारावीची पोरं आहेत. निबंध शिकवायचा सोडून तुम्ही माहितीपट काय दाखवता?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

अग्रलेख वाचायला दिला की मुलं लगेच म्हणतात, हे लेखकाचं मत आहे. पडद्यावर पंचगंगेचं पाणी दिसलं की म्हणतात, हे तर खरंच आहे की सर, यात वाद कसला? डोळ्यांनी पाहिलेल्यामागेही कुणीतरी आपली बाजू मांडत असतो, हे त्यांच्या लक्षातच येत नाही. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी ज्या कोल्हापुरात स्वतः कॅमेरा बांधला, तिथल्या मुलांना तरी ते कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून मी आधी दहा मिनिटांचा तुकडा आवाज बंद करून दाखवतो. मग पडदा झाकून नुसता आवाज. संगीत कुठे सुरू झालं, कोणाला बोलायला किती वेळ मिळाला, कोणाला मिळालाच नाही, हे मुलं वहीत टिपतात. शेवटी न्यायदर्शनातले, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातले शब्द फळ्यावर येतात: प्रतिज्ञा (जे सिद्ध करायचं ते विधान), हेतू (त्यामागचं कारण), उदाहरण. या चित्रपटाची प्रतिज्ञा एका वाक्यात लिहा, म्हटलं की वर्ग गप्प होतो. तिथून खरा तास सुरू होतो.

1922 सालचा 'नानूक ऑफ द नॉर्थ' हा उत्तर कॅनडातल्या एका इन्युइट शिकाऱ्याच्या जगण्यावरचा माहितीपट दाखवतो तेव्हा मुलं हळहळतात. त्यातलं बर्फाचं घर आतून दिसावं, उजेड मिळावा म्हणून अर्धं उघडं ठेवलं होतं. शिकारीला बंदुका वापरात आलेल्या असताना दिग्दर्शक फ्लाहर्टींनी भाल्याचीच शिकार करवून घेतली. "म्हणजे फसवलं?" असं मुलं विचारतात. मी उत्तर देत नाही, बाजू लिहून आणायला सांगतो. त्या आठवड्यातले निबंध वर्षातले सगळ्यात चांगले असतात.

पण मुलं सगळ्यात जास्त शिकली ती स्वतः केलेल्या कामातून. 2019च्या महापुरावर दोन गटांना तीन-तीन मिनिटांची फिल्म करायला सांगितली होती. एकाची बाजू, पूररेषेत झालेली बांधकामं. दुसऱ्याची, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणात अडवलेलं पाणी. चित्रीकरण मात्र दोघांनी मिळून केलेलं, एकच. राजाराम बंधाऱ्यावरचं तेच पाणी आणि नदीकाठच्या त्याच आजी.

पहिल्या गटाच्या फिल्ममध्ये आजी म्हणाल्या, "पाणी दरवर्षीच येतंय." म्हणजे माणसंच नदीच्या वाटेत बसलेली. दुसऱ्या गटाच्या फिल्ममध्ये त्याच आजी म्हणाल्या, "औंदा रातोरात आलं." म्हणजे पाणी कुठूनतरी मागे ढकललं गेलं. दोन्ही फिल्मना टाळ्या पडल्या.

मग मी मूळ चित्रीकरण लावलं. "पाणी दरवर्षीच येतंय, पण औंदा रातोरात आलं. म्हस सोडायलाबी घावलं न्हाई."

म्हशीचं वाक्य दोन्ही गटांनी कापलं होतं. ते कोणाच्याच बाजूला उपयोगी नव्हतं. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "सर, मग आजींना काय सांगायचं होतं?"

त्या रविवारी दोन्ही गट मिळून आजींकडे पुन्हा गेले. कॅमेरा न घेता.