जुना सेटटॉप बॉक्स भंगारात टाकू नका: एका छत्रीवर दोन टीव्ही, माझा अनुभव

रत्नागिरीच्या घरी डीडी फ्री डिशची छत्री आहे. आईच्या खोलीत जुना एमपेग-२ बॉक्स, हॉलमध्ये यंदा घेतलेला एमपेग-४ (चित्र दाबून पाठवायच्या या दोन पद्धती, एक जुनी, एक नवी). जुन्यावर एमपेग-४ चे चॅनल दिसत नाहीत, हे खरं. पण आईला सह्याद्रीच्या बातम्या पुरतात, आणि आकडे पुसलेला तो रिमोट ती अंधारातही अंगठ्याने चालवते. तिचा बॉक्स बदलायचा नाही, हे ठरलेलंच होतं.

नवा बॉक्स लागला, चॅनल आले. डिशवाल्याने केबलला स्प्लिटर लावून दोन फाटे काढले आणि तो गेला. रात्री हॉलमधलं बटण बंद केलं, तर आईच्या टीव्हीवर ‘नो सिग्नल’. सकाळी हॉलमधलं चालू केलं, आईचाही सुरू! फोन केला की ‘उद्या येतो’. अखेर आला, तर छत्रीकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘काका, जुना बॉक्स गेलाय, नवा घ्या.’ गेलाय तर दिवसभर चालतो कसा? उत्तर नाही. पुन्हा बोलावलं, पुन्हा तेच. आठवलं की अजून चीड येते. असे किती धडधाकट बॉक्स लोकांनी फेकले असतील!

शेवटी मीच स्प्लिटर काढून उजेडात धरला. एका तोंडाशी बारीक अक्षरांत ‘पॉवर पास’, दुसऱ्याशी काहीच नाही. तिथेच उलगडा झाला. छत्रीवरच्या एलएनबीला (छत्रीच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडून केबलमध्ये सोडणारा भाग) वीज बॉक्सच पुरवतो, त्याच केबलमधून, १३ किंवा १८ व्होल्ट. पॉवर पासच्या, म्हणजे वीज वर जाऊ देणाऱ्या तोंडाला हॉलचा बॉक्स जोडलेला होता; आईच्या बॉक्सची वीज दुसऱ्या तोंडातून वर जातच नव्हती. हॉलचा बंद झाला की एलएनबीच बंद, मग आईच्या बॉक्सने सिग्नल आणायचा कुठून?

दोन आउटपुटचा एलएनबी बसवला आणि आईच्या खोलीपर्यंत वेगळी केबल ओढली. आता कुणीही कधीही काहीही बंद करा, दुसऱ्याला पत्ता लागत नाही. एलएनबी घेताना त्यावर ९७५०/१०६०० (त्याच्या फ्रिक्वेन्सीचे आकडे) लिहिलंय ना, ते बघा.

छत्री फिरवताना टीव्हीवर बॉक्सच्या मेन्यूत दिसणाऱ्या ‘स्ट्रेंग्थ’च्या पट्टीवर जाऊ नका, ती रिकाम्या आभाळाकडेही भरलेली दिसते. ‘क्वालिटी’ बघा. फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. आमच्याकडून तो आग्नेयेला, जवळजवळ ६० अंश उंचीवर येतो. त्या रेषेत माडाची झावळी येत असेल तर आधी ती तोडा.

पावसात नव्या बॉक्सचं चित्र आधी फुटतं, कारण डीव्हीबी-एस२ या उपग्रह प्रसारणाच्या नव्या पद्धतीवर येणाऱ्या एमपेग-४ चॅनलना सिग्नल जास्त स्वच्छ लागतो. कोकणात असाल तर ६५ ऐवजी ९० सेंटिमीटरची छत्री घ्या. क्षेत्रफळ जवळपास दुप्पट होतं आणि फायदा दोन्ही बॉक्सना मिळतो.

आणि हो, एलएनबीपाशी केबल खाली वळसा देऊन बांधा, म्हणजे पाणी कनेक्टरमध्ये न शिरता खाली ठिबकेल.